सकाळी लपणारा आजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला मज्जातंतूंच्या तपासण्यांवरचा लेख वाचला. महागड्या मशीनची माहिती भरपूर आहे. पण माझा आजार ज्याने उघडा पाडला, तो बर्फ त्यात नाही, म्हणून हे पत्र.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानी दिवाणजी. हळदीच्या सौद्यात बोली पुकारतो. दोन वर्षांपूर्वी असे होऊ लागले की पहिल्या पाच-सहा ढिगांना आवाज खणखणीत, पुढे तो नाकातून यायचा. दुपारपर्यंत डावी पापणी निम्म्या डोळ्यावर उतरायची. खरेदीदार म्हणायचे, "दिवाणजी, भरदिवसा घेतली काय?" (मी माळकरी!) चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, घशात दुर्बीण घातली, मेंदूचा सीटी काढला. सगळे नॉर्मल. कारण सगळ्यांनी मला सकाळच्या ओपीडीत पाहिले, आणि रात्रभर विसावलेली पापणी तेव्हा शहाण्यासारखी जागेवर असायची.

अकराव्या महिन्यात एका तरुण डॉक्टरांनी मुद्दाम संध्याकाळी बोलावले. मिनिटभर छताच्या पंख्याकडे बघायला लावले, पापणी उतरली. मग शेजारच्या रसवंतीतून बर्फ मागवला, रबरी हातमोज्यात भरला आणि मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटे धरला. काढला तर पापणी वर! सौ. ओरडलीच, "अगोबाई, डोळा उघडला की!"

आजाराचे नाव निघाले मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नसेचा निरोप स्नायू जिथे घेतो, ती जागाच शरीरातली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) अडवून बसतात. गारव्यात निरोपाचे रसायन जरा जास्त टिकते, एवढीच बर्फाची करामत.

पुढे नसेला सेकंदाला तीन झटके देऊन तपासणी झाली, रक्तात प्रतिपिंडेही सापडली. १९७३ साली अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या शास्त्रज्ञांनी वीज सोडणाऱ्या माशातले, नसेचा निरोप घेणारे प्रथिन सशांना टोचले, तर ससे माझ्यासारखेच गळाठले; रक्ताची चाचणी त्यातून निघाली. कुठला मासा, कुठला सांगलीचा दिवाणजी! मात्र आजार डोळ्यांपुरताच असला तर जवळपास निम्म्या रुग्णांत ही चाचणी निगेटिव्ह येते. तेव्हा रिपोर्ट बघून कोणी निर्धास्त होऊ नये.

संशोधनावर खर्च व्हावाच. पण सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा संध्याकाळी पाचची ओपीडी ठेवायला कुठले मशीन लागते? तोवर निदान घरच्यांनी पापणीचा सकाळी एक, संध्याकाळी एक फोटो मोबाइलवर काढून डॉक्टरांना दाखवावा.

मी गोळीच्या वेळा सांभाळून पुन्हा सौद्याला उभा राहतो. दुपारनंतरचे ढीग मालकांचा मुलगा पुकारतो.

आपला,
एक दिवाणजी, सांगली