फॉस्फेटची शिल्लक मोजली, उलाढालीचे काय?

मा. संपादक,
स. न.

खाडीच्या पाण्याच्या तपासणीची बातमी आली की तीत विरघळलेला प्राणवायू, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), कॉलिफॉर्म (मैलापाण्याची खूण असलेले जिवाणू) आणि फार तर नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे असतात. फॉस्फेट कमी निघाले की पाणी चांगले, असे म्हणून सगळे मोकळे होतात. पण तो आकडा म्हणजे त्या घटकेची शिल्लक. गल्ल्यातल्या शिलकीवरून दुकानाची उलाढाल कळत नाही. ती कळायची तर पाण्यातल्या जिवाणूंच्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, वेग मोजायला हवा. किनाऱ्यावरच्या विज्ञान महाविद्यालयांना हे काम सहज जमण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

किनाऱ्याजवळच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. सुमारे ६०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) मोठा रेणू त्यांना थेट आत घेता येत नाही. मेलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), मासळीची घाण, सांडपाणी यांतले मोठे रेणू आधी पेशीबाहेर तोडावे लागतात. प्रथिने तोडायला अमिनोपेप्टिडेज, सेंद्रिय फॉस्फरसमधून फॉस्फेट सोडवायला अल्कलाइन फॉस्फटेज. फॉस्फेट टंचाईत आले की पेशी फॉस्फटेज वाढवतात, मुबलक असले की आवरते घेतात. म्हणून फॉस्फेट कमी आणि फॉस्फटेज जास्त, तर प्लवक सेंद्रिय साठ्यावर दिवस काढते आहे. फॉस्फेटही जास्त आणि फॉस्फटेजही जास्त, तर बाहेरून सेंद्रिय घाण येते आहे का, हे आधी पाहावे. यांतल्या पहिल्या प्रकारच्या खाडीत फॉस्फेटचा आकडा देखणा दिसेल, पण तेवढ्यावरून तिथे काय चालले आहे ते कळणार नाही.

फॉस्फटेजच्या चाचणीचे द्रव्य पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. त्याच्या डायसोडियम हेक्साहायड्रेट मिठाचे ३७ मिलिग्रॅम १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले की १० मिलिमोलर द्रावण होते. नमुन्याच्या ९.५ मिलिलिटर पाण्यात ते ०.५ मिलिलिटर घालावे आणि नळी समुद्राच्याच तापमानाला अंधारात ४ तास ठेवावी. विकराने फॉस्फेट तोडले की पिवळे नायट्रोफिनॉल उरते. ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर, ४०५ नॅनोमीटरला वाचावे. सोबत दोन नळ्या हव्यातच: एकीत उकळून गार केलेला नमुना आणि द्रव्य, दुसरीत द्रव्य न घालता नुसता नमुना. पहिलीवरून द्रव्य आपोआप किती फुटते ते कळते, दुसरीवरून पाण्याचा मूळचा रंग आणि गढूळपणा वजा करता येतो.

खरी फसगत होते ती शेवटच्या पायरीला. पाठ्यपुस्तकातल्या कृतीप्रमाणे सोडियम हायड्रॉक्साइड घालून विक्रिया थांबवली की समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम पांढऱ्या साक्यासारखे खाली बसते. हे मॅग्नेशियम लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम असते, थोडेथोडके नाही. नळी दुधाळ होते आणि यंत्र त्या दुधाळपणालाच रंग समजून वाचते. ईडीटीए, म्हणजे धातू बांधून ठेवणारे रसायन, सुरुवातीलाच घालून हे टाळू पाहणारे आणखी फसतात, कारण अनेक फॉस्फटेज विकरांना जस्त किंवा कॅल्शियमसारखे धातू लागतात आणि ईडीटीए तेच हिरावून घेते. त्यापेक्षा अल्कली घालूच नये. पीएच ८ च्या वर बहुतेक नायट्रोफिनॉल तसेही पिवळे असते. पावसाळ्यात मात्र खाडीचे पाणी गोडसर होऊन पीएच ७.५ पर्यंत उतरला तर रंग फिका पडतो आणि विकरच कमी झाल्याचा भास होतो. तेव्हा वाचण्याआधी सगळ्या नळ्यांत ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घालून पीएच ८.५ ला आणावा आणि नायट्रोफिनॉलची प्रमाण (तुलनेसाठीची, ठरावीक तीव्रतेची) द्रावणेही त्याच खाडीच्या पाण्यात, त्याच बफरसह करावीत.

बाटल्या फॉस्फेटयुक्त साबणाने धुऊ नयेत. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळाव्यात. नमुना फ्रीझरमध्ये ठेवला की पेशी फुटून आतले विकर बाहेर येते. फॉर्मॅलिन घातले तर विक्रियाच मार खाते. थंड पेटीतून आणून त्याच दिवशी चाचणी करावी. उधाणाला (मोठ्या भरतीला) एकदा आणि भांगाला (लहान भरतीला) एकदा घेतलेल्या नमुन्यांची तुलना करू नये. स्वच्छ पाण्यात हा रंग यंत्राला जेमतेम दिसतो; तिथे ५ किंवा १० सेंटिमीटरची क्युव्हेट (यंत्रात नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) घ्यावी, नाहीतर तुटल्यावर चमकणारे मेथिलअंबेलिफेरिल फॉस्फेट आणि ती चमक मोजणारे फ्लुओरोमीटर यांकडे वळावे.

पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात आणि त्यानंतर तळाच्या पाण्यात प्राणवायू किती खाली जातो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली जगापुढे मांडले. तो प्राणवायू जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना खातात, आणि त्या कुजण्याची पहिली पायरी हीच विकरे आहेत. तरीही आपल्या नेहमीच्या तपासणीत त्यांना जागा नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या महाविद्यालयांनी आपापल्या खाडीत एक जागा ठरवून, दर महिन्याला भरतीच्या एकाच टप्प्यावर, वर्षभर ही मोजणी करावी. आकडे क्षारता, तापमान, पीएच आणि फॉस्फेटसह नोंदवावेत. फॉस्फटेजचा आकडा एकटा छापू नये, कारण फॉस्फेट सोबत नसेल तर वरच्या दोनपैकी कोणती खाडी आपल्यासमोर आहे हे ओळखता येत नाही.

आपला नम्र,
सागरी सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अध्यापक, रत्नागिरी