सुई बदलायला सांगणाऱ्या काकांना

प्रिय काका,

मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुणी जाहीर पत्र लिहितं का, असं तुम्ही विचाराल, ते ठाऊक आहे. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पाने-स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरायला घेता आणि भलताच विषय काढता. म्हणून हे पत्र. जाहीर अशासाठी, की तुम्ही मला जे सांगितलंत ते घरी शिवणाऱ्या, कापणाऱ्या, चिकटवणाऱ्या इतरांच्याही कामाचं आहे, आणि ते सांगताना तुम्ही कधी हात राखून बोलला नाहीत.

माझं मशीन टाके सोडत होतं. तुम्हाला बोलावलं तेव्हा माझी तयारी होती ती मोठा खर्च ऐकायची, नाहीतर नवीन मशीन घ्यायची. तुम्ही झाकणाला हातही लावला नाहीत. सुई काढलीत, तिची चपटी बाजू काचेवर टेकवलीत आणि मला वाकून बघायला लावलंत. सुई आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी हवी, ती नव्हती. नवी सुई बसली आणि मशीन ताळ्यावर आलं. तुमचं काम तिथेच संपलं होतं. पण तुम्ही चाक हाताने सावकाश फिरवत टाका कसा पडतो ते मला दाखवलंत. सुई तळाला जाते, तिथून जेमतेम दोन मिलिमीटर वर येते, तेवढ्यात तिच्या मागे दोऱ्याचा इवलासा वेढा सुटतो, आणि खाली फिरणाऱ्या शटलचं टोक त्यात शिरून तो वेढा खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. सुईच्या मागच्या अंगाला जी खाच तासलेली असते, ती शटलच्या टोकाला जवळून जाता यावं म्हणून. सुई केसभर वाकली तरी टोकाला वेढा सापडत नाही. टाका सुटतो तो असा.

हाताच्या सुईचं नेढं मागे आणि मशीनच्या सुईचं टोकाशी का, हे मी इतकी वर्षं शिवत असून मनात आणलं नव्हतं. वरचा दोरा कापडापार न्यायचा तर तो टोकाशीच हवा, आणि मागून दुसरा दोरा त्यात अडकवायचा. पुढे मी वाचलं की एलियस हाउ यांनी १८४६ साली अमेरिकेत जे पेटंट घेतलं त्यात टोकाशी नेढं असलेली सुई आणि कापडाच्या पलीकडून येणारा दुसरा दोरा हीच जोडी होती. त्यांच्या मशीनमध्ये कापड उभं टांगावं लागे. सिंगर यांच्या १८५१ च्या मशीनमध्ये सुई सरळ उभी वरखाली होऊ लागली आणि कापड आडव्या पाटीवर आलं. तेव्हापासून आजच्या स्क्रीनवाल्या मशीनपर्यंत वेढा आणि शटल यांचा हा खेळ तोच आहे. तुम्ही तो मला एका चाकावर पाच मिनिटांत दाखवलात.

सुयांच्या पाकिटावरचे आकडेही तुमच्यामुळेच वाचता आले. ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ०.९० मिलिमीटर. १४ हा त्याच सुईचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर. तलम कापडाला ६० किंवा ७०, रोजच्या सुती कापडाला ८० ते ९०, जीन्सला १०० नाहीतर ११०. होजियरीला गोल टोकाची, कारण ती धागे न तोडता बाजूला सारून आत जाते. टोकदार सुई तिथे धागा तोडते आणि भोकं पडत जातात. हे सगळं पाकिटावर छापलेलंच असतं हो, पण कुणीतरी बोट ठेवून दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आणि तुमचं ते वाक्य, जे मी आता दुसऱ्यांना आपलंच असल्यासारखं सांगते: "खाली गुंता झाला की वर बघायचं." कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनची डबी काढून बसतात. बहुतेक वेळा खोट असते ती वरच्या दोऱ्याची. कापड दाबून धरणारा फूट खाली ठेवून दोरा ओवला तर दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, मोकळा सुटतो आणि खाली ढीग होतो. फूट वर करायचा, मग ओवायचं. दोन सेकंदांचं काम आहे. या एका गोष्टीपायी कितीजणी मशीन बिघडलं म्हणून हातावर हात ठेवून बसल्या असतील, देव जाणे.

तेलाचं मात्र तुम्ही अगदी दटावून सांगितलंत. मशीनचंच तेल, दोन थेंब, ते पण माहितीपुस्तिकेत जिथे सांगितलं असेल तिथेच. घरातलं हाताला लागेल ते तेल अजिबात नाही, कारण ते सुकून चिकट होतं आणि मशीन जखडतं. काही नव्या मशीनना तेल द्यायचंच नसतं, तेही बघून घ्यायचं. आणि कचरा फुंकून काढायचा नाही, ब्रशने ओढून काढायचा. फुंकलं की तो आणखी आत जातो.

आता ज्यासाठी खरं म्हणजे आभार मानायचे त्या गोष्टीकडे येते. भरतकामाचं कॉम्प्युटराइज्ड मशीन घ्यायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. शेकडो टाके, शेकडो नक्षी, रंगीत पडदा. तुम्ही ना "घ्या" म्हणालात ना "नका घेऊ". एवढंच विचारलंत, "ते करणार काय, आणि तुम्ही करणार काय?" मग सांगितलंत की टाक्यांचा आकडा बघू नका, कापड ताणून धरणारी रिंग बघा. रिंग १० बाय १० सेंटीमीटरची असेल तर एका बैठकीत तेवढंच भरतकाम होतं, मोठी नक्षी तुकड्यातुकड्यांनी जुळवत बसावी लागते. नक्षीची फाइल कुठल्या प्रकारची चालते ते बघा, कापडाखाली लावायचं स्टॅबिलायझर दर वेळी आणावं लागेल ते धरा. आणि शेकडो टाक्यांपैकी घरात लागतात ते सरळ, झिगझॅग, काजं आणि फार तर ताणणाऱ्या कापडाचा एखादा. नव्या मशीनमधली एकच सोय तुम्ही मनापासून वाखाणलीत: थांबताना सुई खाली राहण्याची. कोपऱ्यावर कापड वळवताना ती सुईच खुंटी होते. जुन्या मशीनवर हेच हाताने चाक फिरवून करता येतं, हेही त्याच दमात सांगून टाकलंत, म्हणजे विक्री करायचा तुमचा काही इरादा नव्हताच.

मी ते मशीन घेतलं नाही. कुणी घेऊ नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांना रोज नावं भरायची, गणवेशावर चिन्हं काढायची, त्यांना ते हवंच. मला नको होतं, एवढं मला तुमच्या प्रश्नामुळे कळलं. तोच प्रश्न मी पुढे कागदाच्या कामाला लावला, आणि तिथे तो शिवणापेक्षाही जास्त कामी आला.

कारण चिकटवहीच्या छंदात सामानाचा मोह फार. पंच, शिक्के, टेप, चकाकणारी पावडर, कोपरे गोल करायचं यंत्र. "हे करणार काय?" असं विचारलं की निम्मं सामान गप्प बसतं. जे बोलतं त्यात माझ्या टेबलावर पहिलं आलं ते कटिंग मॅट आणि गोल पात्याचा रोटरी कटर. हा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली आणला. कापड उचललं न जाता सपाट पडल्या पडल्या कापलं जातं, ही त्याची करामत. पण कापडाचं पातं कागदाला लावायचं नाही, हे तुमच्या सुईच्या नियमावरून मी स्वतःच ठरवलं. कागद पात्याची धार खातो. कात्रीचंही तेच.

मग आलं संगणकावर चालणारं कागद कापायचं मशीन, आणि ते बघायला तुम्ही मुद्दाम थांबलात. तुमच्या चेहऱ्यावरचं ते कुतूहल मला फार आवडलं. कागद चिकट पाटीवर बसतो, एक मोटर पाटी पुढेमागे नेते, दुसरी पात्याला डावीउजवीकडे. तुम्ही लगेच विचारलंत, "मग पातं वळवतं कोण?" कुणीच नाही! पात्याचं टोक त्याच्या आसापासून जरा बाजूला असतं, त्यामुळे खुर्चीच्या फिरत्या चाकासारखं ते ओढलं जाईल त्या दिशेला आपोआप वळतं. म्हणूनच अगदी बारीक कोपरे कधी कधी फाटतात; तिथे वेग कमी करायचा आणि पातं नवं हवं. नेहमीचं पातं ४५ अंशांचं, जाड कार्डाला ६० अंशांचं. नक्षी एसव्हीजी फाइलमध्ये असते, म्हणजे ठिपक्यांचं चित्र नसून रेषा कुठून कुठे जाते त्याचा हिशेब, त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी कडा फुटत नाही. फोटोचं तसं नाही. ४ बाय ६ इंचांचा फोटो स्वच्छ छापायचा तर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, आणि नसतील तर ते कुठून आणता येत नाहीत. सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे आमचंच मशीन, सुईच्या जागी पातं." बरोबर आहे.

कागदावर टीप घालायची कल्पना मात्र तुम्हाला पटेना. "कापडाचं भोक मिटतं, कागदाचं राहतं," म्हणालात. आणि मग नाराजीतच सगळे नियम सांगून मोकळे झालात. टाका लांब ठेवायचा, साडेतीन-चार मिलिमीटर, नाहीतर तिकिटाच्या कडेसारखी ओळ पडून कागद तिथेच फाटतो. उलटी टीप नाही. दोऱ्याची टोकं मागे ओढून गाठ मारायची. सुई बारीक आणि अणकुचीदार, आणि ती कागदासाठीच राखून ठेवलेली, पाकिटावर तसं लिहून. काम झाल्यावर शटलच्या आसपासचा कागदाचा भुगा ब्रशने काढायचा.

यातून माझ्या हाती लागलं ते कुठल्याच तयार सामानात नव्हतं: शिवलेले कप्पे. पानावर पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा ठेवायचा, तीन बाजूंनी टीप घालायची, फोटो वरून आत सरकवायचा. फोटोला गोंद नाही, टेप नाही, भोकही नाही, आणि हवा तेव्हा बाहेर. शिवण आणि चिकटवही हे माझे दोन छंद तोवर वेगवेगळ्या कपाटांत राहत होते. ते एका टेबलावर आले ते तुमच्या नियमांमुळे. तुम्हाला स्वतःला तो उद्योग पसंत नसताना.

पुढचं लिहायची परवानगी तुम्ही दिली आहे, तरी तुम्हाला संकोच वाटेल. तुम्ही एके दिवशी तुमच्या घरचा जुना अल्बम घेऊन आलात. जाड पुठ्ठ्याची पानं, त्यावर गोंदाच्या रेघा, वर प्लास्टिकचा पडदा. तो प्रकार एके काळी घरोघरी होता, आणि फोटोंचं त्याने वाटोळं केलं. गोंद पिवळा पडतो, पुठ्ठ्यातलं आम्ल फोटोत उतरतं, आणि फोटो चिकटून बसतो तो बसतोच. चिकट पानांची हौस तशी जुनी. मार्क ट्वेन यांनी १८७३ साली गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं, पान ओलं करायचं की झालं. त्या वेळी बिचाऱ्या फोटोचा विचार कोण करतो.

तुमचे फोटो मी ओढले नाहीत. दात स्वच्छ करायचा फ्लॉस फोटोच्या मागे सरकवून, करवतीसारखा मागेपुढे करत, एकेक कोपऱ्यातून सोडवत गेले. त्याआधी प्रत्येक पान जसंच्या तसं ६०० डीपीआयने स्कॅन केलं, म्हणजे काही झालंच तर प्रत हातात राहील. नव्या अल्बमची पानं ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री आहेत. लिग्निन म्हणजे लाकडातला तो घटक ज्यामुळे वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं. पण नुसत्या त्या शब्दांवर मी विसंबले नाही. कागद, गोंद, प्लास्टिक यांचा फोटोवर काय परिणाम होतो हे तपासायची एक ठरलेली चाचणी आहे, आयएसओ १८९१६. ती उत्तीर्ण झालेलंच सामान घेतलं. पीव्हीसीचं पाकीट एकही नाही. नावं आणि सालं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, अजिबात न दाबता.

काही फोटो सुटले नाहीत, काका. तिथे गोंद फार आत गेलाय आणि जोर लावला असता तर वरचा थर उखडला असता. त्या पानांचे तुकडे फोटोसकट कापून वेगळ्या पाकिटात ठेवलेत आणि स्कॅनवरून त्यांच्या नव्या प्रती छापून अल्बममध्ये लावल्यात. मूळ टाकू नका. हे काम जाणणारा कुणी कधी भेटला तर तो सोडवू शकेल. अल्बममधल्या ज्या फोटोंची नावं तुम्हालाही आठवली नाहीत, त्यांच्याखाली जागा मोकळी ठेवली आहे. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून सांगा, मी लिहून देते.

अल्बम तयार आहे, कधीही या. येताना ९०/१४ च्या सुया आणा, माझ्याकडच्या संपत आल्यात. आणि या खेपेला पैसे मोजून घ्यायचे, "अहो, राहू द्या" चालणार नाही.

तुमची,
मशीनवाली