‘जैसे थे’ म्हणजे पूर्ववत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील मथळा: ‘‘जैसे थे’चा आदेश, पाडलेले कुंपण पूर्ववत होणार’. नाही होणार. आदेश काय आहे ते त्याच बातमीच्या चौथ्या परिच्छेदात नीट दिले आहे. मथळा देणाऱ्याने तिथवर वाचायचे कष्ट घेतले असते तर माझे टपालखर्च वाचले असते.

‘थे’ दिसले की भूतकाळ, एवढ्यावर हा घोळ झालेला दिसतो. कोर्टात ‘जैसे थे’ म्हणजे ‘आहे तसे’. हुकमात वेगळी तारीख नसेल तर तो निघाला त्या दिवशी जागेवर जे असेल ते तसेच ठेवायचे. कुंपण उभे असेल तर पाडायचे नाही. पडलेले असेल तर उभारायचेही नाही. ते परत हवे तर ‘होते तसे करून द्या’ असा वेगळा हुकूम मागावा लागतो, आणि दाव्याचा निकाल लागण्याआधी तो सहजी मिळत नाही. खालच्या कोर्टाचा हुकूमनामाच अपिलात फिरला तर गोष्ट निराळी. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधले कलम १४४ त्यासाठीच आहे. पण तिथेही प्रश्न ‘पूर्वी काय होते’ एवढाच नसतो. तो हुकूमनामा झालाच नसता तर पक्षकार आज कुठे असते, हे पाहतात.

आता ‘पूर्ववत’. त्यातला ‘वत्’ म्हणजे ‘सारखे’. मृतवत पडलेला माणूस मेलेला नसतो. तसेच पूर्ववत झालेली वस्तू तीच जुनी असायला हवी असे नाही. नव्या नळातून आधीसारखे पाणी आले तरी पुरवठा पूर्ववत. तेव्हा ‘पूर्ववत केले’ लिहा, नाहीतर ‘पूर्वस्थितीत आणले’ लिहा. आपल्याकडे ‘पूर्ववत स्थितीत पुन्हा आणले’ असेही छापून येते. एकदा आणले तरी पुरे.

‘पूर्वपदावर’ तर आपण कशालाही लावता. जनजीवन, वाहतूक, व्यवहार, म्हणजे जे चालू होते आणि विस्कळीत झाले, त्याला तो शोभतो. माणसाला लावला की पंचाईत. ‘अधिकारी पूर्वपदावर’ यातून काय समजायचे? निलंबन उठले, की बढती रद्द होऊन स्वारी खालच्या जागेवर गेली? पहिल्याकडे पेढे मागायचे आणि दुसऱ्यापुढे गप्प बसायचे असते. पहिल्यासाठी ‘पुन्हा कामावर घेतले’, दुसऱ्यासाठी ‘पदावनती’, असे सरळ शब्द असताना हे कोडे कशाला?

जाता जाता: ‘पुनर्स्थापना’ आणि ‘पुनर्प्रक्षेपण’ हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. पुढे मृदू व्यंजन असेल तर रफार, जसे पुनर्जन्म, पुनर्वसन. पुढे स, प, क आले की विसर्ग: पुनःस्थापना, पुनःप्रक्षेपण. च आला की ‘पुनश्च’, जो आपण बिनचूक छापता, बहुधा पाठ असल्यामुळे. विसर्गाला मथळ्यात जागा पुरत नसेल तर ‘पुन्हा’ लिहा.

आणि कालच्या मथळ्याची दुरुस्ती छापलीत, तर मथळा ‘पूर्ववत केला’ असे कृपया म्हणू नका.

आपला,
एक नियमित वाचक