जून काही अचानक येत नाही

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, 'पैसे पुरतात ना रे?' आणि मी 'हो' म्हणून विषय बदलतो. गेलं वर्षभर ते 'हो' खोटं होतं. आता खरं आहे, म्हणून सगळं लिहितोय.

नोकरी लागली तेव्हा 'वर्षाला 3 लाख 96 हजार' ऐकून तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. महिन्याचे ते 33,000 होतात, पण हातात येतात 27,600. मूळ पगार 16,500. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,980, माझे पीएफला जातात. तेवढेच कंपनी भरते, पण तेही त्या 33,000 मध्येच धरलेले असतात. शिवाय ग्रॅच्युइटी आणि विम्याचे पैसे कापले जातात, व्यवसाय कराचे 200 वेगळे. पीएफचा पैसा कुठे जात नाही हे बाबांना मी काय सांगणार! पण त्यातून घरभाडं भागत नाही, आणि मी तर सहा महिने 33,000 मिळतात असंच धरून चाललो होतो.

मग मोबाइल बंद पडला. क्रेडिट कार्डावर 32,000 चा नवा घेतला. बिल आलं, त्यात 'किमान रक्कम 1,600' असं ठळक लिहिलेलं. तेवढे भरले आणि निश्चिंत झालो. असे चार महिने गेले. एका रात्री कागद-पेन घेऊन बसलो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 1,120. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 202 रुपये. पहिल्या 1,600 मधून कर्ज फिटलं होतं फक्त 278 रुपयांचं. शिवाय मागची बाकी असेपर्यंत कार्डावर साधं किराणा सामान घेतलं तरी त्यावर त्याच दिवसापासून व्याज. बाबा, आजोबांच्या वेळच्या सावकाराचं 'शेकडा तीन' तुम्ही अजून विसरला नाहीत. मी शेकडा साडेतीननं घेतलं होतं, तेही स्वतःच्या सहीनं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.

दिवाळीचा बोनस सगळा त्यात घातला, नंतर दर महिन्याला 4,000. गेल्या आठवड्यात बाकी शून्य झाली.

आई, त्या रात्री मला तुझी वही आठवली. मी चौथीत होतो, तू जानेवारीच्या पानावर खाली 'जून – 150' असं लिहिलं होतंस. जानेवारीत जून कसा, म्हणून मी विचारलं. तू म्हणालीस, 'शाळा जूनमध्येच उघडणार ना? जून काही अचानक येत नाही.' वह्या, गणवेश, रेनकोट, सगळं तू सहा महिने आधीपासून बाजूला काढत होतीस. माझा मोबाइल तरी कुठे अचानक बंद पडला? वर्षभर त्याची बॅटरी दुपारीच संपत होती. खोलीचा करार 11 महिन्यांनी संपणार, नव्यानं करताना भाडं वाढणार, दिवाळीला गावी यायचं, हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीतच होतं.

आता पगाराच्याच दिवशी वाटणी करतो. भाडं-लाइट 8,000, डबा 3,800, जाणं-येणं 1,500, तुम्हाला 3,000, अडीनडीला 3,000 आणि 'जून'ला 2,500. ते दरमहा आरडीत, म्हणजे आवर्ती ठेवीत जातात, आणि बँकेच्या ॲपमध्ये त्या आरडीला मी 'जून' हेच नाव दिलंय. उरलेले 5,800 दुसऱ्या खात्यात, आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं. चहा, सिनेमा, मित्रांची लग्नं, सगळं त्यातूनच. ते संपले की संपले. मागच्या महिन्यात 23 तारखेलाच संपले, तेव्हा आठ दिवस डब्यावर काढले. बरे गेले.

एक मागणं आहे. मी पाठवतो ते 3,000 तू पोस्टात माझ्याच नावानं भरतेस, हे ताईनं सांगितलं. तसं करू नकोस. बाबांची पेन्शन किती येते ते मला माहीत आहे. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंत. हे पैसे त्यासाठीच आहेत. मी आलो की तारीख घेऊनच येऊ.

शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघतोय. आई, माळ्यावरच्या ट्रंकेतून 2021-22 ची वही काढून ठेव. एसटीच्या संपात बाबांचा पगार महिनोन्‌महिने बंद होता, तरी माझी कॉलेजची फी वेळेवर भरली गेली. ती कशी भरलीस, ते पान मला तुझ्याशेजारी बसून वाचायचंय.

तुमचा
धाकटा