हरकतींची मुदत संपते तेव्हा आमची मुले छतावर असतात

महोदय,

युवा परिषद, युवा संसद, ‘धोरणनिर्मितीत तरुणांचा सहभाग’ अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. हरित आणि डिजिटल अर्थव्यवस्था हे तर आता तिथले ठरलेलेच विषय झाले आहेत. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे हे काम शिकवणारा शिक्षक आहे. या दोन्ही अर्थव्यवस्थांची अंगमेहनत जी मुले करतात, ती माझ्या वर्गातून बाहेर पडतात. परिषदेच्या फोटोत त्यांतले कुणी दिसत नाही, आणि कायद्यांच्या मसुद्यांवर किंवा वीजदरांवर हरकती मागवल्या जातात तेव्हाही ती तिथे नसतात, म्हणून हे पत्र.

घराच्या छतावर सोलर बसवण्यासाठीची पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे, अनुदान 78 हजार रुपयांपर्यंत. लातूरसारख्या शहरातही सोलर बसवणाऱ्या एजन्सी वाढल्या आणि आमची पास झालेली मुले तिथे लागली. काम सोपे नाही. एप्रिलच्या उन्हात स्लॅबवर स्ट्रक्चर उभे करायचे, पॅनेल क्लॅम्प करायचे, डीसी केबलला कनेक्टर क्रिंप करायचा, म्हणजे दाबून घट्ट बसवायचा. क्रिंप ढिला राहिला की तिथे ठिणगी पडते, आणि पॅनेलमधल्या डीसी विजेची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी चटकन विझत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यावरून घरमालकाशी घासाघीस ठरलेली, कारण त्यात गेलेला पैसा वरून दिसत नाही. मग नेट मीटरची, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची वाट पाहायची. पॅनेल चढलेले, ऊन रणरणते, पण मीटर नाही म्हणून यंत्रणा बंद. अशा वेळी ग्राहक एजन्सीच्या मालकाला फोन करत नाही, छतावर आलेल्या पोराला करतो.

शेवटी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा, घरच्या वायफायला जोडून ग्राहकाच्या मोबाइलवर ॲप सुरू करून द्यायचे. इथे हरित आणि डिजिटल एकाच डब्यात येतात. किती वाजता किती वीज तयार झाली, आणि तशी जोडणी असेल तर घराने किती वापरली, हे कंपनीच्या सर्व्हरवर जात राहते. वापराचा आलेख नीट पाहिला तर घर कधी रिकामे असते हे कुणीही सांगेल. मागच्या बॅचमधल्या एकाने मला विचारले, ‘‘सर, हे सगळं कंपनीला कशाला पायजे? आणि ग्राहकाला विचारलं का कुणी?’’ कोणत्याही परिषदेत शोभावा असा हा प्रश्न आहे. पण त्याने तो विचारायचा कुठे?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याचा मसुदा सूचनांसाठी खुला करतानाच केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जाहीर केले होते की आलेल्या सूचना गोपनीय राहतील. जानेवारी 2025 मध्ये नियमांचा मसुदा आला, त्यालाही हीच अट. कुणी काय म्हटले, त्यातले काय घेतले आणि काय टाकले, हे कळायला मार्गच ठेवला नाही. याच कायद्याने कंपन्यांना मात्र बजावले आहे की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्या. मग हेच बंधन सरकारी मसुद्यांना का नको?

ते घालण्याचा प्रयत्न एकदा झाला आहे. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीत आला. 30 जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये उपलब्ध करून देण्यास सांगितले. केंद्राने त्या आदेशाला आव्हान दिले. दरम्यान तरुणांनी ईमेलची मोहीम चालवली, हरकती लाखोंच्या घरात गेल्या. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्रीही आपल्या पुण्याचेच, प्रकाश जावडेकर. या काळात ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’ या तरुणांच्या हवामान चळवळीच्या भारतीय गटाचे संकेतस्थळ बंद करण्यासाठी दिल्ली पोलिसांनी चक्क यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचा हवाला देणारी नोटीस काढली. पुढे ते कलम चुकून पडल्याचे सांगून ती मागे घेतली गेली. सहभाग घ्या म्हणणारे आणि सहभाग घेतल्यावर नोटीस पाठवणारे एकाच सरकारात नांदतात, हे तरुणांना पक्के ठाऊक आहे. त्यांच्या ‘उदासीनते’वर भाषण झोडणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आता उलट उदाहरण देतो, तेही आपल्याच राज्यातले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची याचिका आली की वीज कायदा 2003 नुसार तिची जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. सुनावणीत शेतकरी येतो, यंत्रमागवाला येतो, मराठीत बोलतो. मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे. आयोगाच्या आदेशात हरकत काय होती, कंपनीने काय उत्तर दिले आणि आयोगाने काय ठरवले, हे मुद्द्यागणिक छापलेले असते. निर्णय विरोधात गेला तरी आपले म्हणणे वाचले गेले, हे माणसाला दिसते. विद्युत क्षेत्रातला माणूस म्हणून आयोगाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, पण ही रीत चांगली आहे.

तिथेही आमची मुले पोहोचत नाहीत, ती का? महावितरणच्या 2025 च्या याचिकेत दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांना वेगळा दर लावण्याचा विषय होता आणि छतावर सौर यंत्रणा असलेल्यांत चलबिचल झाली. दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होणार की नाही, हा त्यांचा प्रश्न. या विषयावर सोलर बसवणाऱ्या मुलाइतके नेमके बोलणारा माणूस मिळणार नाही, कारण ग्रिडकडून घेतलेल्या आणि ग्रिडला दिलेल्या विजेचे आकडे तो रोज मीटरवर वाचतो. पण जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. मूळ याचिका इंग्रजीत आणि शेकडो पानांची. आम्हाला जवळची सुनावणी म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे दिवस मोडला आणि हजेरी बुडाली. एवढे करून त्या वर्षी 28 मार्चला आलेला आदेश काही दिवसांतच स्थगित झाला आणि जूनमध्ये फेरविचाराचा आदेश निघाला. फेरविचाराच्या वेळी आमचे ऐकले नाही म्हणून काही जण उच्च न्यायालयात गेले. नव्याने हरकत नोंदवायला शिकलेल्या मुलाने यातून काय समजायचे?

संध्याकाळी पार्सल पोहोचवणारी मुलेही माझ्याकडे आहेत. अशा ॲपवरून कामे करणाऱ्या गिग कामगारांना केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत जागा मिळाली, हे बरे झाले. तिच्यातल्या राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा मंडळावर त्यांचे पाच प्रतिनिधी असतील, पण ते निवडून यायचे नाहीत, केंद्र सरकार नेमणार. मतदान 18 व्या वर्षी, पण निवडणूक लढवायची तर ग्रामपंचायत 21 व्या, विधानसभा 25 व्या. आणि जिथे वयाची अशी अडचण नाही, तिथे नेमणूक!

म्हणून तरुणांसाठी आणखी एखादी समिती नेमू नये, अशी माझी विनंती आहे. केंद्राचे 2014 चे पूर्वविचारविनिमय धोरण कागदावर आहेच: कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस खुला ठेवा, तो सोप्या भाषेत समजावून सांगा, आलेल्या प्रतिक्रियांचा गोषवारा प्रसिद्ध करा. ते धोरण आहे, कायदा नाही, म्हणून पाळले तर पाळले. महाराष्ट्राने ऊर्जा आणि माहिती तंत्रज्ञान या दोन खात्यांपुरते तरी ते स्वतःवर बंधनकारक करावे: मसुदा मराठीत, आणि प्रत्येक मुद्द्याला आयोगासारखे लेखी उत्तर. आयटीआयमध्ये ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ हा विषय आम्ही शिकवतोच. त्यात बायोडेटा लिहायला शिकवतो, तशी हरकत लिहायलाही शिकवू. युवा संसदेत उत्तम भाषणाला बक्षीस मिळते. याचिकेतला तक्ता वाचून चूक दाखवणाऱ्यालाही मिळू दे.

आणि एक मागणे आपल्याकडे. आठवड्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, एक चौकट द्यावी: या आठवड्यात केंद्राचे आणि राज्याचे कोणते मसुदे हरकतींसाठी खुले आहेत, शेवटची तारीख कोणती, पत्ता कोणता. अक्षर मात्र वाचता येईल एवढे असावे. ती चौकट मी वर्कशॉपच्या फलकावर लावीन आणि पहिली हरकत इन्व्हर्टरच्या डेटाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलाकडूनच लिहून घेईन.

आपला,
एक शिल्पनिदेशक (वीजतंत्री), लातूर