एटीव्ही घेण्याआधी हे पत्र पूर्ण वाच

मिनियापोलिस
९ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

तुझा फोन झाला त्या रात्री मला झोप लागली नाही. जुन्नरच्या पर्यटन केंद्रात पाहुण्यांसाठी दोन एटीव्ही, त्या मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या, माळरानावर चालणाऱ्या चारचाकी गाड्या, घ्यायच्या म्हणतोस, वहिनींनाही कल्पना आवडलीय, आणि मागच्या माळावरून टेकडीच्या सोंडेपर्यंत फेरीची वाटसुद्धा तू मनात आखून ठेवलीयस. मी नुसतं "बघू, सांगतो" म्हणून फोन ठेवला. आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझी कॉलरबोन मोडली, ती बर्फावर घसरून, असं मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं. आईने काळजीने अंथरूण धरलं असतं, म्हणून. खरं म्हणजे ती एटीव्हीवरून पडून मोडली. बायको सोडली तर हे कोणाला माहीत नाही, आणि तुलाही मी सांगितलं नसतं. पण तू या गाड्या घेणार म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

ऑफिसातल्या एका मित्राचा उत्तरेकडे मळा आहे. ऑक्टोबर होता, झाडं लालपिवळी झाली होती. त्याने किल्ली हातात दिली, उजव्या अंगठ्याने दाबायचं ॲक्सिलरेटर दाखवलं, आणि झालं. मीही काही विचारलं नाही. अठराव्या वर्षापासून आपण मोटरसायकल चालवतोय, नाणेघाटाच्या रस्त्याला पावसात गेलोय; हिला तर चार चाकं, ही कशाला पडतेय? सपाटीवर अर्धा तास मजेत गेला. मग एक चढ आला. निम्म्यात इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकायला लागली. माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. वीस वर्षांची सवय, गड्या. पण त्या गाडीत पायाचा ब्रेक मागच्या चाकांचा होता. चढावर मागे सरकणाऱ्या गाडीची मागची चाकं एकदम धरली की ती त्याच चाकांवर उलटी होते. पुढची चाकं वर उठली, हँडल छातीवर आलं, मी डावीकडे अंग टाकलं. हँडलचं टोक खांद्याला लागलं आणि तीनशे किलोचं ते धूड माझ्यापासून हातभर अंतरावरून उलटं होऊन खाली एका झाडाला जाऊन अडलं. पेट्रोलचा वास आणि फिरत राहिलेली चाकं एवढंच मला आठवतं.

खांदा भरून आल्यावर मी प्रशिक्षणाला गेलो. आमच्या मिनेसोटा राज्यात १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला सरकारी जमिनीवर एटीव्ही चालवायची तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. आपण दोघं एकोणऐंशीचे. म्हणजे मला कायद्याची सक्ती नव्हती, आणि जे सक्तीचं नाही ते शिकायचं कशाला, असं मला वाटलं होतं. तीच चूक.

अर्ध्या दिवसाचा वर्ग होता. प्रशिक्षक बाई साठीच्या असतील, हातात जुने चामडी मोजे. पहिला बराच वेळ त्यांनी इंजिन सुरूच करू दिलं नाही. डोळे मिटून बसवलं आणि विचारलं, पुढचा ब्रेक कुठे, मागचा कुठे, इंजिन बंद करायचं बटण कुठे. हात चुकला की पुन्हा. मग म्हणाल्या, "मोटरसायकल चालवणारे कोण?" मी हात वर केला. "तुमच्याकडे माझं जास्त लक्ष राहील." वेग कमी झाला, तोल गेला असं वाटलं, की आपण बाइकवाले पाय जमिनीला टेकवतो. एटीव्हीवर पाय टेकवला की तुझंच मागचं चाक तुझ्या पायावरून जातं. त्या दिवशी माझा पाय दोनदा खाली गेला आणि दोन्ही वेळा बाईंनी गाडी थांबवायला लावली.

आणि चढ. मी मुद्दाम त्यांना माझी हकिकत सांगितली. त्यांनी तोच चढ माझ्याकडून करून घेतला. चढताना अंग पुढे, चढ जास्त असला तर पायटेकणीवर उभं राहून पुढे वाकायचं. गाडी मागे सरकायला लागलीच तर वजन चढाच्याच बाजूला ठेवायचं, आधी पुढचा ब्रेक लावायचा, पूर्ण थांबल्यावर मग मागचा, आणि उतरायचं चढाच्या बाजूने. उतारावर अंग मागे, गाडी खालच्या गिअरमध्ये. वळताना अंग वळणाच्या आत. आडव्या उतारावरून जाताना अंग वरच्या बाजूला. मोटरसायकल आपल्याबरोबर झुकते. ही झुकत नाही, आपल्याला झुकावं लागतं. संध्याकाळी माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. तेव्हा कळलं की या गाडीवर नुसतं बसून जाता येत नाही, सतत अंग हलवावं लागतं.

यातूनच ती सीटची गोष्ट येते, आणि ही तू नीट ऐक. एटीव्हीची सीट लांब असते. आपल्याकडे लांब सीट म्हणजे मागे एक माणूस, पुढे टाकीवर पोर. इथे ती लांबी चालवणाऱ्याला पुढेमागे सरकायला ठेवलेली आहे. मागे कोणी बसलं की तुझी सरकायची जागा गेली, आणि वजन मागच्या चाकांवर गेलं. चढावर तेच माझ्यासारखं उलटं करतं. दोघांसाठी बनवलेल्या गाड्या वेगळ्या असतात. एकट्यासाठीच्या गाडीवर तसा इशाराही चिकटवलेला असतो. कोकणात किनाऱ्यावर मी पाहिलंय, पुढ्यात लहानगं, मागे त्याची आई, पायात चपला, डोक्यावर टोपी. तुझ्याकडे शनिवार-रविवारी पुण्याची कुटुंबं येतील आणि हेच मागतील. "साहेब, एकच फेरी, हळू चालवतो." तिथे तुला नाही म्हणावं लागेल. पैसे परत देऊन नाही म्हणावं लागेल. ते तुला जमणार नसेल तर गाड्या घेऊच नकोस, असं मी मोकळेपणाने सांगतो.

पोरांचंही तेच. मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांवरच्यांसाठी असतात. लहानांसाठी छोट्या इंजिनाच्या, वेग बांधलेल्या गाड्या मिळतात, पण इथली बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना म्हणते की सोळाच्या आतल्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये. मी माझ्या मुलीला अजून बसवलेलं नाही. ती रुसते. रुसू दे.

तू म्हणालास, धोका एवढा असता तर कंपन्यांनी विकल्या असत्या का? लेका, पूर्वी यांना तीनच चाकं असायची. १९७० साली होंडाची पहिली आली, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इतके अपघात झाले की अमेरिकन सरकारने कंपन्यांना कोर्टात ओढलं आणि १९८८ सालच्या समझोत्याने नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. नव्या गाडीबरोबर मोफत प्रशिक्षण द्यायचंही तेव्हाच कंपन्यांनी कबूल केलं. आजही बऱ्याच कंपन्या ते देतात, तरी लोक फिरकत नाहीत. मीही फिरकलो नव्हतो.

वर लोखंडी कमान बसवून घ्यायचा तुझा विचार आहे ना? ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतावरच्या नव्या क्वाड बाइकला (तिकडे एटीव्हीला हेच म्हणतात) उलटल्यावर माणूस चिरडू नये म्हणून मागे कमान सक्तीची झालीय, त्यामुळे विचार चुकीचा नाही. पण ती त्यासाठी आखून, तपासून बनवलेली असते. आळेफाट्याच्या वेल्डरकडून पाइप वाकवून लावलास तर वजन वर जाईल आणि गाडी आणखी लवकर कलंडेल.

टायरचंही सांगून ठेवतो. त्यांत हवा अगदी कमी असते, चार-पाच-सहा पीएसआय. पंक्चरवाला सवयीने मोटरसायकलसारखी तीस भरेल आणि गाडी दगडावर चेंडूसारखी उडेल. नेहमीच्या गेजवर एवढा कमी दाब नीट दिसत नाही. त्याचं वेगळं गेज मिळतं, ते मी घेऊन येतो. आणि त्या मऊ टायरमुळेच डांबरी रस्त्यावर ही गाडी बेभरवशाची होते. केंद्रापासून फाट्यापर्यंत दूध आणायलासुद्धा कोणी नेता कामा नये.

मी जानेवारीत तीन आठवडे येतोय. तोवर गाड्यांचे पैसे भरू नकोस. आपण दोघं आधी तुझ्या माळावरून चालत जाऊ. सोंडेवर जायचा तो चढ मला आठवतो, मुरूम सुटलेला आहे तिथे; पाहुण्यांची फेरी खालच्या सपाट पट्ट्यातच ठेवावी असं मला आत्ताच वाटतंय, पण पाहून ठरवू. मी प्रशिक्षक नाही, म्हणून जी कंपनी गाडीबरोबर शिकवणारा माणूस पाठवेल तिच्याकडूनच घे, आणि गाड्या सांभाळायला जी दोन पोरं ठेवणार आहेस ती पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढे उभी राहू देत. तूही राहा.

त्या दोघांच्या डोक्यांचा घेर मोजून कळव. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवायची, कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून, सेंटिमीटरमध्ये. हेल्मेटं मी इथून आणतो. तुझंही माप पाठव.

वहिनींना नमस्कार, नानांच्या गुडघ्यांचं काय झालं ते लिही. आणि माझ्या खांद्याचं आईला कळू देऊ नकोस.

तुझाच,
होस्टेलचा सोबती