गोडाऊनची किल्ली साहेबाकडं हाय

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

'विद्यापीठाची प्रेस' म्हटलं की आमच्याकडे उत्तरपत्रिका छापणारं मशीन डोळ्यांपुढे येतं. पुस्तकं काढणारा विभागही विद्यापीठात असतो, हे चांगल्या पदवीधरांना सांगावं लागतं. हे पत्र त्या विभागाबद्दल आहे, आणि नुसता खप पाहून त्याला कात्री लावण्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी निजामकाळातल्या जमीन महसुलावरचं एका विद्यापीठाचं पुस्तक मला हवं होतं. अंबाजोगाईहून एसटीनं गेलो, तर विक्री केंद्राला कुलूप. शिपाई म्हणाला, "गोडाऊनमधी असंल सर, पण किल्ली साहेबाकडं हाय, अन् साहेब रजेवर." शेवटी एका सहकाऱ्याची प्रत आणून झेरॉक्स काढली. पुस्तकाची छापील किंमत ४० रुपये, झेरॉक्सला त्याहून जास्त गेले. लेखापरीक्षकाच्या कागदावर मात्र हे पुस्तक 'खप नाही' म्हणूनच लागलं असणार.

माझी तक्रार या हिशेबाबद्दल आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रेसनं इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशाचा करार १८७९ मध्ये केला. दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तो 'ए'पासून जेमतेम 'अँट'पर्यंत. कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. मुंगीपाशीच जमाखर्च मांडला असता तर?

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठानं तो मांडून पाहिला. वर्षाचं ४ लाख डॉलरचं अनुदान वाचवायला २०१२ मध्ये त्यांनी आपली प्रेस बंद करायचं जाहीर केलं. लेखक आपल्या पुस्तकांचे हक्क परत मागू लागले आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला.

एवढं लांब जायचं नसेल तर परभणीला या. तिथल्या कृषी विद्यापीठाची दैनंदिनी माझे धाकटे बंधू दरवर्षी आणतात. पेरणीचं अंतर असो की फवारणीचं प्रमाण, त्यांचं बोट आधी तिच्यावर जातं. त्या दैनंदिनीचं मोल तिच्या किमतीवरून कसं ठरवणार?

सगळंच राखा असं मी म्हणत नाही. गौरवग्रंथ आणि भाषणसंग्रह खुशाल रद्दीत घाला, रडणारं कुणी नाही. पण उर्दू दफ्तरं चाळून लिहिलेला गावगाड्याचा इतिहास, किंवा बीडच्या ऊसतोड बायकांच्या ओव्या, यांची ३०० प्रतींची आवृत्ती पुण्या-मुंबईचा कोण प्रकाशक काढील? 'प्रबंध शोधगंगेवर आहे ना!' असं उत्तर मिळतं. प्रबंधांच्या त्या ऑनलाइन भांडारात तो आहे, पण प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. तो गावातल्या वाचकाच्या हातात द्यायचा तर संपादक लागतो, आणि नेमकं तेच पद रिकामं ठेवायची आपल्याकडे रीत आहे.

म्हणून विनंती अशी, की प्रकाशन विभागाच्या अहवालात खपाशेजारी आणखी दोन रकाने घाला. हे पुस्तक दुसऱ्या कुणी काढलं असतं का? आणि छापण्याआधी बाहेरच्या जाणकारानं ते वाचलं होतं का? ही उत्तरं पाहून मग कात्री चालवा.

तोवर गोडाऊनची दुसरी किल्ली शिपायाकडे ठेवण्याचा आदेश निघाला तरी पुष्कळ. त्याला अनुदान लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई